जिल्ह्याच्या सरासरीत मेळघाट बुडतो



अनुशेषाचे भांडण आपल्याला नवे नाही. दांडेकर समितीने १९८४ साली राज्याचा अनुशेष ३,१८६ कोटी रुपये काढला. त्यात विदर्भाचा १,२४६ कोटी. रीत सोपी होती. राज्याची सरासरी काढायची आणि जो जिल्हा तिच्या खाली, त्याची तूट मांडायची. १९९४ साली वैधानिक विकास मंडळे आली, ३० एप्रिल २०२० ला त्यांची मुदत संपली. भांडण मिटले नाही.

राज्याच्या सरासरीत विदर्भ बुडतो, असे आम्ही म्हणतो. मग जिल्ह्याच्या सरासरीत मेळघाट बुडतो, हेही आम्हीच म्हटले पाहिजे.

अमरावती जिल्हा घ्या. धारणी आणि चिखलदरा हे दोन तालुके सातपुड्यात. शहानूर, सापन, चंद्रभागा या नद्या गाविलगडाच्या डोंगरातून निघतात. धरणे झाली पायथ्याला, ओलीत झाले खालच्या काळ्या रानात. कागदावर मात्र ते साऱ्या जिल्ह्याचे सिंचन! जिल्ह्यात सर्वांत जास्त पाऊस चिखलदऱ्याला, आणि उन्हाळ्यात त्याच तालुक्यातली गावे टँकरची वाट पाहतात. १९९३ साली मेळघाटातली बालके दगावली तेव्हा देश हळहळला. कुपोषणाने पोखरलेल्या लेकराला साधी हगवणही पेलत नाही, आणि मोठा दवाखाना घाट उतरून अमरावतीला.

कोणी म्हणेल, डोंगरात वस्ती थोडी, खर्च फार. घाटातला रस्ता सपाटीपेक्षा महाग पडतो, हे खरेच. त्यात १९७३-७४ पासून व्याघ्र प्रकल्प. रस्ता असो की विजेची तार, जंगलातून न्यायची तर वनखात्याची परवानगी. म्हणूनच डोक्यामागे सारखा पैसा वाटणे हा न्याय नव्हे. कोरडवाहूला ओलिताच्या मापाने मोजू नका, हे आपणच सांगत आलो ना?

आपला हरभरा सोंगायला, कापूस वेचायला कोरकू माणसे बिऱ्हाड घेऊन खाली येतात. ती हौसेने येत नाहीत. वर पोट भरत नाही म्हणून येतात.

तेव्हा या बैठकीत ठराव व्हावा: अनुशेष तालुकावार मोजा, आणि डोंगरी तालुक्याच्या नावाचा पैसा त्याच तालुक्यात खर्च करा. याने सपाटीच्या काही तालुक्यांचा आकडा कमी भरेल. भरू द्या. जे माप आम्ही मुंबईकडे मागतो, ते परतवाड्याच्या वरही लागले, तरच आमची मागणी खरी.