कबरीचा कलह आणि रिकामे सभागृह

वेरूळची लेणी पाहावयास गेलेल्या आमच्या वाचकांनी खुलताबाद हे गाव वाटेत ओझरते पाहिले असेल. येथे सुफी संतांचे दर्गे आहेत, भद्रा मारुतीचे जागृत देवस्थान आहे आणि सत्ताधीशांच्या कबरीही आहेत. गुलाम म्हणून विकला गेलेला आणि पुढे निजामशाहीचा वजीर झालेला मलिक अंबर, 1707 मध्ये निधन पावलेला औरंगजेब, हैदराबादच्या आसफजाही घराण्याचा मूळ पुरुष निजामुल्मुल्क, सारे येथेच विसावले आहेत.

मार्च 2025 मध्ये औरंगजेबाची कबर राखावी की उखडावी, या प्रश्नावरून राज्यभर रण माजले. 17 मार्चला नागपुरात दंगल पेटली. खुलताबादेत पोलिसांचा पहारा बसला. आमच्या घरांतूनही जेवणाच्या पंगतीत हीच चर्चा चालली होती, हे आम्ही नाकारीत नाही.

परंतु त्या गदारोळात एक साधी गोष्ट कोणी विचारली नाही. खुलताबादच्या नगर परिषदेत त्या दिवशी लोकांचा प्रतिनिधी म्हणून कोण बसला होता? कोणीच नाही! डिसेंबर 2016 मध्ये निवडून आलेल्या नगरसेवकांची मुदत संपून तीन वर्षे उलटली होती आणि कारभार प्रशासकाच्या हाती होता. नवी निवडणूक झाली ती डिसेंबर 2025 मध्ये. तीन शतकांपूर्वी मेलेल्या बादशहासाठी महाराष्ट्र भांडला; त्याच गावातील जिवंत नागरिकाचे मत कुलपात पडले होते, त्याची खंत कोणास वाटली नाही.

हे एकट्या खुलताबादचे दुखणे नव्हे. शेजारच्या छत्रपती संभाजीनगर महानगरपालिकेची मुदत 2020 च्या एप्रिलमध्ये संपली, आमच्या वसई-विरारची त्याच वर्षी जूनमध्ये. दोन्हीकडे मतदान झाले 15 जानेवारी 2026 रोजी. 2009 मध्ये महानगरपालिका नको, आमची गावे वगळा, म्हणून रस्त्यावर उतरलेले आमचे वसईकर या साडेपाच वर्षांत कोठे होते?

राज्यघटनेची 74 वी दुरुस्ती 1993 पासून अमलात आहे. नगरपालिकेची मुदत पाच वर्षे, त्याहून अधिक नाही, आणि ती संपण्यापूर्वी निवडणूक झालीच पाहिजे, असे तीत स्वच्छ लिहिले आहे. मग अडले कोठे? ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचना यांच्या वादात. आरक्षणाचा प्रश्न खोटा होता, असे आम्ही म्हणणार नाही. पिढ्यान्‌पिढ्या सभागृहाबाहेर राहिलेल्यांना आत जागा हवी, हे आम्हांस मान्य आहे. पण न्यायालयात तारखांमागून तारखा पडत राहिल्या आणि सत्तेवर आलेल्या कोणत्याही पक्षास घाई दिसली नाही. अखेर 6 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयास निवडणुका घेण्याचा आदेश द्यावा लागला.

काही सज्जन म्हणतात, प्रशासकाच्या काळात कामे भराभर झाली, भांडणे नव्हती, बरेच होते की! या युक्तिवादाचा आम्हांस सर्वांत अधिक राग येतो. लोकनियुक्त परिषदेत अधिकारी खर्च सुचवितो आणि नगरसेवक तो तपासून मंजूर करतात वा फेटाळतात. गल्लीतले गटार तुंबले तर त्या नगरसेवकाच्या दारात जाऊन त्यास चार शब्द सुनावता येतात. पाच वर्षांनी त्यास घरी बसविता येते. प्रशासकाच्या राज्यात अंदाजपत्रक मांडणारे प्रशासनच आणि त्यास मंजुरी देणाराही प्रशासकच. तो माणूस सचोटीचा असेल, कामसूही असेल. पण त्यास जाब विचारण्याची जागाच उरत नाही. बदलीचा हुकूम आला की तो निघून जातो. सभागृहातील भांडण कर्कश असते खरे (आमच्या धर्मग्राम मंडळाच्या बैठकाही काही मंजुळ नसतात), पण त्या भांडणातच पैशाचा हिशेब बाहेर पडतो.

खुलताबादच्या वृद्धांना हे वेगळे सांगावयास नको. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत तो मुलूख निजामाचा होता. रस्ते निजामानेही बांधले, इस्पितळेही काढली. तरी मराठवाड्याची माणसे त्याच्याविरुद्ध तुरुंगात गेली, गोळ्यांना बळी पडली. चांगला कारभार मिळावा एवढ्यासाठीच का? कारभाऱ्यास बदलण्याचा अधिकार हवा म्हणून! 1952 मध्ये प्रौढ मताधिकाराने त्यांनी पहिल्याने मत टाकले.

आणि आम्ही? दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1965 मध्येच मतदानास हक्काबरोबर कर्तव्य म्हटले. आम्ही मात्र राजकारण घाणेरडे म्हणून दूर राहतो, आणि दफनभूमीच्या जागेचा किंवा शाळेच्या परवानगीचा प्रश्न आला की अर्ज घेऊन साहेबांच्या दाराशी उभे राहतो.

आता सभागृहे भरली आहेत. येत्या अंदाजपत्रकाच्या सभेस आपल्या प्रभागाचा नगरसेवक हजर होता काय आणि तेथे तो काय बोलला, हे आमच्यापैकी किती घरे त्याला विचारणार आहेत?