कस्तुराची वीण आणि धबधब्यावरची गर्दी

सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर पावसाला आरंभ होऊन ओढे खळाळू लागले, की उजाडण्यापूर्वीच्या काळोखात कड्याच्या अंगाने जी दीर्घ, भटकी, एखाद्या मनुष्यानेच घातल्यासारखी भासणारी शीळ ऐकू येते, ती शीळकरी कस्तुराची. आणि आंबोलीस वा महाबळेश्वरी ज्याने ती एकदा ऐकली, त्याला पक्ष्याचे नाव ठाऊक नसले तरी तो स्वर विसरता येत नाही.

काळसर निळ्या अंगाच्या आणि कपाळावर व खांद्यावर तेजस्वी निळाई मिरविणाऱ्या या पक्ष्याचे सारे गृहस्थजीवन वाहत्या पाण्याशी बांधलेले आहे. त्याची वीण फेब्रुवारीपासून ऑगस्टपर्यंत चालत असली तरी तिचा मुख्य भर पावसाळ्यातच असतो. ओढ्याकाठच्या कपारीत तो वाटीसारखे घरटे बांधतो, मादी त्यात दोन ते चार अंडी घालते, दोघेही आळीपाळीने ती उबवितात आणि सोळा-सतरा दिवसांनी पिले बाहेर येतात. एकच कपार वर्षानुवर्षे वापरल्याच्याही नोंदी आहेत. खेकडे, गोगलगायी, बेडूक, किडे हे त्याचे अन्नही बहुतांशी त्याच ओढ्याच्या आश्रयाने वाढणारे. म्हणून कपार शाबूत राहिली पण ओढा नासला, तर त्या कपारीचा त्याला काय उपयोग?

नेमक्या याच दिवसांत शहरांतून निघालेले लोंढे धबधब्यांवर येऊन थडकतात. कर्ण्यांचा गोंगाट, प्रवाहात फेकलेल्या बाटल्या आणि कड्याला भिडून चाललेली झोंबाझोंबी यांपुढे अंड्यांवर बसलेल्या पक्ष्याने करावे तरी काय? हा पक्षी दुर्मीळ नाही, सबब त्याची काळजी कशाला, असा युक्तिवाद केला जातो. परंतु जीव नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर आल्याखेरीज त्याच्या रक्षणास हात घालायचा नाही, ही रीत मला अत्यंत घातक वाटते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तर वन्य पक्ष्यांच्या अंड्यांना व घरट्यांना उपद्रव देणे हे शिकारीच्या व्याख्येतच घातले आहे.

अपघात टाळण्यासाठी अनेक जिल्ह्यांत धोक्याच्या धबधब्यांवर पावसाळ्यात मनाई हुकूम निघतात, हे योग्यच आहे. वनखात्याने स्थानिक पक्षिनिरीक्षकांच्या साहाय्याने विणीच्या कपारी हेराव्यात, आणि जिल्हाधिकाऱ्यांनी त्या ओढ्यांचे काठ जूनपासून ऑगस्टअखेरपर्यंत त्याच हुकुमाच्या कक्षेत आणावेत. यास नवा कायदा लागत नाही, की मोठी रक्कमही लागत नाही. चौकीवर गाड्या अडविणाऱ्या शिपायाच्या हाती त्या ओढ्यांची यादी असली, म्हणजे यंदाच्या हंगामापासूनच अंमलबजावणी सुरू होऊ शकेल.