फाइल काखेत घेऊन निघालेल्यांना



आपल्या वस्तीतली पोरं-पोरी डिझायनर होऊ लागलीत. कुणी अप्लाइड आर्टची पदवी घेतली, कुणी फ्लेक्सच्या दुकानात कॉम्प्युटरपुढं बसून कोरल ड्रॉ शिकलं. आता ती मुलाखतीला निघालीत. आणि निघताना काय करतात? पोर्टफोलिओतून वस्तीच पुसून टाकतात. १४ एप्रिलचा फ्लेक्स काढतात, आणि कधी पाय न ठेवलेल्या कॉफीच्या दुकानाचं खोटं बोधचिन्ह घालतात. ह्याला माझा विरोध आहे.

डिझाइन म्हणजे गुळगुळीत कागद नव्हे. अडचण आणि तिच्यावर काढलेली तोड. जयंतीचा फ्लेक्स घ्या. तो रस्त्यापलीकडून, रात्रीच्या उजेडात, मिरवणुकीतल्या माणसाला वाचता यायला हवा. वर्गणी तोकडी, म्हणून आकार चौरस फुटांवर बेतायचा. पन्नास कार्यकर्त्यांचे फोटो बसवायचे आणि बाबासाहेबांचा चेहरा झाकू द्यायचा नाही. हे येरागबाळ्याचं काम आहे का? मुलाखतीत हेच सांगा. अडचण काय होती, आधी काय करून पाहिलं, ते का टाकलं, शेवटी काय ठेवलं. आठ-दहा कामं पुरेत. कच्ची रेखाटनं सोबत न्या, विचार तिथंच दिसतो. गटात केलेलं काम असेल तर आपला वाटा नेमका सांगा.

जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोत प्रादा कंपनीनं कोल्हापुरीच्या घाटाच्या चपला मिरवल्या आणि कोल्हापूरचं नाव घेतलं नाही. कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन तर २०१९ सालीच मिळालेलं. इथं बोंब उठली तेव्हा कुठं कंपनीनं मूळ कबूल केलं. मग डिझायनर कोण? ज्याच्या बापानं रापी चालवली त्या पोरानं मुलाखतीत मान खाली का घालावी?

कारण एक प्रश्न हमखास येतो: "वडील काय करतात?" वरून साधा, आतून जात चाचपणारा. खाजगी कंपनीत आरक्षण नाही, आणि आडनाव तर अर्जावरच असतं. थोरात आणि अॅटवेल यांनी सारख्याच पात्रतेचे, फक्त आडनाव वेगळं असलेले अर्ज खाजगी नोकऱ्यांसाठी धाडून पाहिले. दलित आडनावांना बोलावणं कमी आलं. हा अभ्यास २००७ साली छापून आलाय. तेव्हा बोलावणं आलं नाही तर लगेच स्वतःच्या हाताला दोष देऊ नका. प्रश्न आला तर खरं ते एका वाक्यात सांगा आणि पुढचं पान उघडा. बोलणं कामावर आणा.

आणखी एक. तासा-दोन तासांची परीक्षा द्या. पण आठवडाभराचं काम फुकटात मागितलं तर विचारा, "ह्याचे पैसे किती? हे तुम्ही वापरणार का?" आपल्या आज्या-पणज्यांनी गावकीची वेठ केली. महार वतन १९५८ च्या कायद्यानं गेलं. नव्या वतनावर सही करू नका.

तयारी एकट्यानं करू नका. रविवारी समाजमंदिरात बसा. एकानं साहेब व्हायचं, एकानं उमेदवार, बाकीच्यांनी चुका काढायच्या. इंग्रजी अडलं तर मराठीत बोला, पण थांबू नका. ज्यांना नोकरी लागलीय त्यांनीही यायचं. तुम्हाला काय विचारलं, पगार किती सांगितला, हे धाकट्यांना कळू द्या. ही माहिती त्यांच्या घराण्यात आपोआप पोचते. आपल्याला ती एकमेकांना द्यावी लागेल.