जळालेल्या मोटारीचा जमाखर्च

कारखान्यातील एखादी मोटार जळाली की ती बाहेर रिवाइंडिंगला पाठवली जाते, बिल चुकते होते आणि प्रकरण मिटले असे मानले जाते. मोटार काय, केव्हा तरीच जळते. तेवढ्यासाठी कायम कामगारांचा ताफा कशाला पोसायचा, असा सवाल मालकवर्ग करतो. याच सवालाच्या आधारे गेल्या काही दशकांत ठिकठिकाणी देखभाल खाते मोडून ते कंत्राटदाराच्या हाती सोपवण्यात आले. हा युक्तिवाद वरकरणी हिशेबी वाटतो. वस्तुतः तो हिशेबालाही धरून नाही आणि न्यायालाही.

मोटार अकस्मात जळत नाही. तिचे जळणे ही आठवडेच्या आठवडे चाललेल्या दुर्लक्षाची अखेर असते. बेअरिंगमधील ग्रीस सुकते किंवा अडाणीपणाने नको तितके भरले जाते. पंख्याच्या जाळीवर कापसाचा, पिठाचा वा सिमेंटचा थर साचतो. पट्टा प्रमाणाबाहेर ताणला जातो. एक फ्यूज उडून एक फेज गेला आणि ओव्हरलोड रिले चुकीच्या आकड्यावर ठेवलेला असला, तर मोटार उरलेल्या दोन फेजवर धापा टाकत चालते आणि थोड्याच वेळात वाइंडिंग काळे पडते. इन्सुलेशन ज्या तापमानासाठी बनवलेले असते त्याच्या वर दर दहा अंशांना त्याचे आयुष्य सुमारे निम्मे होते, हा अभियंत्यांचा जुना ठोकताळा आहे. बेअरिंगचा बदललेला आवाज ओळखणे, अंगाला हात लावून ताप जोखणे, मेगर लावून वाइंडिंगची स्थिती नोंदवणे, ही कामे केव्हा तरी करायची नसून नित्य करायची असतात. ती नित्य झाली, तरच मोटार केव्हा तरी जळते.

आता खर्चाकडे पाहू. पंधरा किलोवॅटची एक मोटार नव्वद टक्के कार्यक्षमतेने, पूर्ण भारावर, वर्षाला आठ हजार तास चालली, तर ती सुमारे एक लाख तेहतीस हजार युनिट वीज घेते. युनिटला आठ रुपये धरले तरी विजेचे बिल दहा लाखांवर जाते. मोटारीची किंमत या रकमेचा लहानसा अंश असते. घाईघाईने जुनी तार जाळून काढताना स्टेटरच्या पत्र्यांमधील इन्सुलेशन करपले, कमी जाडीची तार भरली गेली, आणि कार्यक्षमता एका टक्क्याने घसरली, तर वर्षाला सुमारे पंधराशे युनिट अधिक जातात. ही गळती पुढे मोटारीच्या उरलेल्या आयुष्यभर चालते. रिवाइंडिंगच्या बिलात ती दिसत नाही. म्हणून व्यवस्थापनाच्या लेखी ती नाहीच! कायम वायरमनचा पगार मात्र दर महिन्याला ताळेबंदात दिसतो.

रिवाइंडिंगचे छोटे दुकान चालवणारा कारागीर हा या वादातील प्रतिपक्ष नव्हे. पुरेसा वेळ, योग्य तार आणि नियंत्रित तापमानाची भट्टी मिळाली तर दुरुस्त मोटारीची कार्यक्षमता टिकते, हे सिद्ध झालेले आहे. पण सकाळी दिलेली मोटार संध्याकाळी परत, तीही सर्वांत कमी दराने, अशी अट घालणाऱ्यांनी कारागिराला दोष देऊ नये. दोष पद्धतीचा आहे. मोटारीमागे पैसे मिळणाऱ्या कंत्राटदाराचे हित मोटारी जळण्यात असते. आणि रोजंदारीवर आणलेला, उद्या दुसऱ्या कारखान्यात धाडला जाणारा तरुण या यंत्राचा स्वभाव शिकणार तरी केव्हा?

या प्रश्नावर न्यायसंस्थेने पूर्वीच दिशा दाखवली होती. मुंबईच्या स्टँडर्ड व्हॅक्यूम तेलशुद्धीकरण कारखान्यातील स्वच्छता व देखभालीचे काम उत्पादनाला आवश्यक आणि बारमाही आहे, म्हणून ते कंत्राटाने करवून घेऊ नये, हा न्यायाधिकरणाचा निवाडा सर्वोच्च न्यायालयाने १९६० मध्ये कायम केला. त्याच कसोट्या १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याच्या दहाव्या कलमात उतरल्या. आता त्या कायद्याची जागा २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने घेतली असून ती नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. तिने मूळ स्वरूपाच्या कामात कंत्राटी कामगार नेमण्यास मनाई केली खरी. परंतु अधूनमधून होणारे काम मूळ स्वरूपाचे असले तरी त्यातून वगळले आहे. म्हणजे पुढच्या दाराला कुलूप लावून मागचे दार सताड उघडे ठेवले! मोटारीची देखभाल ‘अधूनमधून’ या शब्दात बसवण्याचा प्रयत्न होणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

महाराष्ट्रातील साखर कारखान्यांचा अनुभव याउलट आहे. गळीत हंगाम संपला की तेथे मोटारी उघडल्या जातात, बेअरिंग बदलली जातात, वाइंडिंग वाळवून व्हार्निश चढवले जाते. हंगामी कामगाराला बिगरहंगामात धारणभत्ता देण्याची प्रथाही या उद्योगात आहे. चरक थांबला तरी जाणता हात टिकवण्यासाठी पैसा मोजावा लागतो, हे या उद्योगाने तत्त्वतः मान्य केले आहे. मग बारा महिने चालणाऱ्या कारखान्यांना ते का उमगू नये?

तेव्हा कामगार संघटनांतील कार्यकर्त्यांनी ही लढाई केवळ कोर्टाच्या पायरीवर लढू नये. प्रत्येक मोटारीची नोंदवही ठेवावी, अशी मागणी वाटाघाटीच्या मसुद्यात आली पाहिजे: तपासणी कधी झाली, ग्रीस कधी भरले, मोटार किती वेळा आणि कशाने जळाली. देखभालीचे काम रोजचे आहे, याचा याहून सबळ पुरावा दुसरा नाही. आयटीआयमधून दोन वर्षे शिकून आलेल्या वीजतंत्रींना अनुभवी कामगारांच्या हाताखाली कायम नेमणूक मिळावी, ही मागणी तिच्या जोडीला हवी. आज देखभाल खात्यांतील जुने कामगार निवृत्त होत आहेत. कानाने बेअरिंग ओळखणारा माणूस गेटबाहेर पडला, की त्याची विद्या कोणत्याही निविदेने परत मिळत नाही. ते घडण्यापूर्वी संघटनांनी जागे व्हावे.