फ्यूज कुठे बसवायचा?

मासेमारीवरचा लेख म्हटल्यावर निम्मं होस्टेल पान उलटणार हे मला माहीत आहे. उरलेल्यांपैकी इलेक्ट्रिकलवाले फक्त शीर्षक बघून थांबले असतील. त्यांना आधीच सांगतो, सिलॅबसमधलं यात काही नाही. आणि माझं मराठी कॉन्व्हेंटचं आहे, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ संपादकांनी बघून घ्यावं.

तर मुद्दा असा. वर्षभरात आपल्या होस्टेलवर फिशिंग रॉड घ्यायचं फॅड आलंय. दर विंगमध्ये दोन-तीन रॉड कपाटामागे उभे आहेत. मीही त्यातलाच. पण माझं स्पष्ट मत आहे की आपण सगळे चुकीच्या टोकाला पैसे घालतोय. रॉड कुठला, रीळ कितीचं यावर रात्री दोन वाजेपर्यंत वाद चालतात, आणि रिळावर तंगूस कोणता भरायचा हे मात्र दुकानदार ठरवतो. खरं तर उलटं पाहिजे. आधी मासा, मग गळ, मग तंगूस, आणि सगळ्यात शेवटी रॉड.

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही.

मी पाटसचा. शाळेसाठी रोज शटलनं दौंडला जायचो, कॉन्व्हेंटमध्ये. घरी आलो की दप्तर फेकायचं आणि तलाव गाठायचा. तलावात खडकवासल्याच्या कालव्याचं पाणी येतं. आमच्या शेजारचे मामा तिथे जाळं टाकतात, आणि जाळ्यातून वेळ मिळाला की गळ. त्यांचं सगळं किट म्हणजे वेळूची काठी, चार-पाच वाव तंगूस, तरंगायला ज्वारीच्या ताटाचा तुकडा, बारीकसं शिसं आणि गांडूळ. सेकंड इयरला मी दोन महिन्यांच्या मेस बिलाइतके पैसे घालून कार्बनचा रॉड आणि रीळ घेतलं. रिळावर चाळीस पाउंडाचा पोपटी ब्रेड भरून घेतला, म्हणजे साधारण अठरा किलोला तुटणारी विणलेली दोरी. मामांनी हातात घेऊन ताणून बघितली आणि म्हणाले, "दादा, मासा धरायचाय का बैल बांधायचाय?"

मला वाटलं, ह्यांना काय कळतंय.

डिसेंबरमधल्या एका शनिवारी माझा चमचा (म्हणजे चकाकणारा पत्र्याचा लुअर) पाण्यातल्या वेड्या बाभळीच्या खोडात अडकला. ओढून बघितलं, रॉड वाकवून बघितलं. काही केल्या सुटेना. अठरा किलोची दोरी तुटणार कशी? ती हाताला गुंडाळून ओढली तर तळहातच कापला. शेवटी वैतागून रिळाजवळच ब्लेड लावलं, दोरी पाण्यात सोडली आणि रविवारच्या गाडीनं होस्टेलला परत.

पुढच्या वेळी घरी गेलो तर मामांनी हाक मारली. त्याच खोडाला एक पाणकावळा लटकलेला होता. एका पंखाला आणि दोन्ही पायांना दोरी. पोपटी. त्या रंगाची दोरी तलावावर दुसऱ्या कुणाकडे नाही. मामा टायरच्या ट्यूबवरून गेले, त्याच्या डोक्यावर टॉवेल टाकला आणि एकेक वेढा कापत बसले. अर्धा तास तरी लागला. सुटल्यावर तो पाण्यात पडला आणि पोहत लव्हाळ्यात गेला. उडाला नाही. मी अंधार पडेपर्यंत थांबलो होतो. मामा मला एक शब्द बोलले नाहीत. कापलेली दोरी माझ्या हातात दिली आणि फाटलेलं जाळं विणायला बसले. माझ्याच दोरीत अडकून ते फाटलं होतं. घरी येऊन दोरी मोजली. सव्वीस मीटर.

त्या रात्री डोक्यात प्रकाश पडला. आपण सर्किटमध्ये फ्यूज मुद्दाम कमजोर ठेवतो, कारण काहीतरी जळणारच असेल तर ते कुठे जळावं हे आपण ठरवलेलं असतं. गळाच्या दोरीचंही तेच आहे. ती कधी ना कधी तुटणार, प्रश्न एवढाच की कुठे. मी आठवड्याची कमाई घालून न तुटणारी दोरी घेतली, म्हणून सव्वीस मीटर पाण्यात राहिली. माझ्याकडे फ्यूजच नव्हता.

फ्यूज बसवणं दहा मिनिटांचं काम आहे. रिळावर दहा पाउंडाचा साधा नायलॉन तंगूस भरा. त्याच्या टोकाला छोटी स्विव्हल, आणि स्विव्हलच्या पुढे हातभर लांबीचा सहा पाउंडाचा तुकडा, त्याला गळ. सहा पाउंड म्हणजे पावणेतीन किलोच्या आसपास. आता खोडात अडकलं तर रॉड वाकवत बसायचं नाही. रॉड सरळ अडकलेल्या दिशेला धरायचा, दोरी हाताला नाही तर लाकडाच्या तुकड्याला गुंडाळायची आणि मागे चालत जायचं. तुटेल ते पुढच्या तुकड्यातच. पाण्यात राहील तो फारतर हातभर. गळाचा उलटा काटाही मी आता पकडीनं दाबून टाकतो. काही मासे निसटतात, निसटू देत.

गाठीकडे मात्र लक्ष द्या. नायलॉनला साधी गाठ मारली की त्याची ताकद जवळपास निम्मी होते. स्ट्रेस कॉन्सन्ट्रेशन आपण पाठ करतो आणि तिथे विसरतो. पाच-सहा पीळ देऊन क्लिंच गाठ मारा आणि घट्ट करण्याआधी थुंकी लावा. कोरडी ओढली तर घर्षणानं तंगूस तापतो आणि तिथेच मरतो.

"मग मोठा मासा लागला तर?" हा प्रश्न येणारच. त्यासाठीच रिळाला ड्रॅग दिलाय राव! आपल्यातले निम्मे लोक तो पूर्ण आवळून ठेवतात. ड्रॅग म्हणजे स्लिप होणारा क्लच. सगळ्यात कमजोर तुकड्याच्या पाव भागाला तो घसरला पाहिजे, म्हणजे आपल्या हिशेबात साधारण पाऊण किलोला. लिटरच्या बाटलीत पाऊण लिटर पाणी भरा, गळाच्या जागी बांधा, दोरी सरळ वर धरून उचला. बाटली हळूहळू खाली सरकली पाहिजे. असा लावलेला ड्रॅग असेल तर पाच किलोचा कटलाही सहा पाउंडावर दमवता येतो. वेळ लागतो एवढंच, आणि वेळाची आपल्याला होस्टेलवर काय कमी?

रॉडबद्दल फार लिहीत नाही. सहा-सात फुटी, मध्यम लवचीक, फायबर ग्लासचा. कार्बन हलका असतो हे खरं, पण कार्बनमधून वीज वाहते, आणि आपल्याकडे तलावाच्या कडेनं मोटारींच्या तारा किती खाली लोंबतात ते बघा. इलेक्ट्रिकलवाल्यांनो, हे वाक्य तुमच्यासाठी होतं.

लुअरचं मात्र बोललंच पाहिजे, कारण सगळ्यात जास्त उल्लू आपण तिथे बनतो. डबा भरून जे रंगीबेरंगी प्लॅस्टिकचे मासे आपण आणतो, ते अमेरिकेतल्या बाससाठी बनवलेले आहेत. आपल्या पाण्यात बास नाही. कटला पाण्यातलं बारीक खाद्य गाळून खातो, रोहूही लुअरमागे धावत नाही. त्यांना शेंगदाण्याची पेंड आणि कणकेचा गोळाच. चिलापी एखाद्या वेळी छोट्या स्पिनरवर येते, पण गांडुळावर दहापट येते.

एके काळी इथे लुअरचा मासा होता. कर्नल साइक्स नावाच्या इंग्रजानं भीमा आणि तिच्या उपनद्यांतले मासे अभ्यासले आणि १८३९ साली त्यांना शास्त्रीय नावं दिली. महाशीराचं टोर खुद्री हे नाव त्याचंच. तो नमुना मुळा-मुठेतला, पुण्याच्या पूर्वेला आठ मैलांवरचा. म्हणजे आमच्या तालुक्याकडे येणाऱ्या त्याच नदीतला. शिरूरजवळच्या घोड नदीतल्या माशाला त्यानं मुसुल्ला म्हटलं. आणखी एकाचं नाव पोटेल, ज्यात मला तरी पाटील ऐकू येतो. आज मुळा-मुठेतून पुण्याचं सांडपाणी आणि जलपर्णी येते. चिलापी भारतात आली १९५२ मध्ये, आणि मामांच्या टोपलीत आता बहुतेक तीच असते. चिलापीसाठी चाळीस पाउंडाचा ब्रेड!

राहिली मरळ. माझा रूममेट म्हणतो, जलपर्णीतून मरळ बाहेर काढायची तर जाड ब्रेड आणि रबरी बेडूकच लागतो, सहा पाउंड तिथे टिकणार नाही. त्याचं बरोबर आहे. पण तिथेही पुढचा तुकडा ब्रेडपेक्षा कमजोर ठेवता येतोच. आणि पावसाळ्यात मरळीला सोडाच. तेव्हा ती पिलांच्या थव्यावर राखण करत असते, बेडकावर तुटून पडते ती भुकेनं नाही. ती गेली की पिलं इतरांच्या पोटात.

अजून एक. तलाव आपल्या बापाचा नसतो. मच्छीमार सहकारी संस्थांनी तो ठेक्यानं घेतलेला असतो, बीज त्यांनी सोडलेलं असतं. काठावर जाळं विणत बसलेल्या माणसाला आधी विचारा. मी इतकी वर्षं विचारलं नव्हतं. मामांना विचारलं तर हसले, म्हणाले, "आता सुचलं व्हय!"

माझ्या खोलीत खिडकीवर पाऊण लिटर पाण्याची बाटली कायम ठेवलेली आहे. सबमिशनच्या आठवड्यात सोडून कधीही रीळ घेऊन या, ड्रॅग लावून देतो. शेजारी एक बिस्किटांचा पत्र्याचा डबा आहे, जुना, गुंतलेला तंगूस त्यात टाका. सध्या त्यात माझे सव्वीस मीटर आहेत.