दुकानाचे वेब पान मालकानेच लिहावे

आपल्या कारागिरांच्या हाती कला आहे, व्यापाऱ्यांकडे माल आहे. पण त्याची माहिती लिहिण्याचे काम आपण नेहमी दुसऱ्यावर सोपवतो. पूर्वी पाटी रंगवणारा पेंटर होता, मग हँडबिल छापणारा प्रेसवाला आला, आता वेबसाइट करून देणारा आला आहे. पाटीवरची चूक मालकाला येता-जाता दिसत असे. वेब पानावरची चूक गिऱ्हाईकाला आधी दिसते, मालकाला शेवटी. म्हणून पानावरचा मजकूर तरी मालकानेच लिहावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. त्यासाठी मोठे शिक्षण लागत नाही. ज्या वर्डमध्ये आपण कोटेशन आणि पत्रे तयार करतो, त्यातच साधे वेब पानही तयार होते.

ही सोय जुनीच आहे. वर्ड ९७ मध्येही फाइल वेब पान म्हणून सेव्ह करता येत होती. वर्ड २००० पासून मात्र ते पान पुन्हा वर्डमध्ये जसेच्या तसे उघडावे म्हणून त्यात फाँट, समास आणि मापांच्या सूचनांची मोठी भर पडू लागली. गिऱ्हाईकाला त्यांचा काही उपयोग नसतो. पान तेवढे जड होते. यासाठी संगणकावर बसवलेल्या वर्डमध्ये 'सेव्ह ॲज' करताना 'वेब पेज, फिल्टर्ड' हा प्रकार निवडावा. लिब्रेऑफिस रायटर फुकट मिळतो. त्यातही एचटीएमएल फाइल तयार करता येते.

खरा घोटाळा होतो तो लिपीत. अनेकांचे दरपत्रक डीटीपीवाल्याकडे श्रीलिपी किंवा कृतिदेवच्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेले असते. कागदावर ते सुबक दिसते. तोच मजकूर वेब पानावर टाकला की, ज्याच्याकडे तो फाँट नाही त्याला इंग्रजी अक्षरे व चिन्हांची खिचडी दिसते आणि शोधणाऱ्याला आपले नाव सापडत नाही. इनपेजच्या जुन्या आवृत्तीत टाइप केलेल्या उर्दूचीही हीच अडचण. म्हणून पुष्कळ जण उर्दू मजकुराचे चित्रच पानावर लावत. उपाय एकच: मजकूर युनिकोडमध्ये टाइप करावा किंवा करून मागावा.

लिहावे काय? मिरजेचे उदाहरण घ्या. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनी तेथे तंतुवाद्यांचा व्यवसाय उभा केला. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला व तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. मानांकनामुळे नावाला संरक्षण मिळते, ऑर्डर आपोआप येत नाही. परगावच्या गायकाला विचारायचे असते: तानपुरा मर्दानी की जनानी, तारा किती, लाकूड कोणते, भोपळा वाटेत फुटू नये म्हणून पॅकिंग कसे, पोहोचायला दिवस किती? याची उत्तरे कारागिरालाच ठाऊक असतात. वेबसाइटवाला तेथे 'उत्कृष्ट दर्जा, वाजवी दर' एवढेच लिहील.

काही साधी पथ्ये पाळावीत. मथळ्यासाठी अक्षर नुसते मोठे न करता वर्डमधील 'हेडिंग' वापरावे. रुंद तक्ते टाळावेत. गिऱ्हाईक फोनवर पाहतो. फोटो आधी लहान करून घ्यावेत. सेव्ह केल्यावर चित्रांचे वेगळे फोल्डर तयार होते. ते फाइलसोबतच चढवावे, नाहीतर चित्रांच्या जागी रिकाम्या चौकटी दिसतात. दरासोबत तारीख लिहावी.

वर्डचे पान कच्चे असते, असे जाणकार म्हणतात. ते खोटे नाही. शेकडो वस्तूंची विक्री किंवा ऑनलाइन पैसे घेणे असेल, तर माहितगार माणसाकडेच जावे. पण त्याच्याकडे जाताना स्वतः लिहिलेला मजकूर हाती असावा आणि वेबसाइटचे नाव स्वतःच्याच नावे नोंदवून घ्यावे. ते दुसऱ्याच्या नावावर राहिले, तर उद्या वाद झाल्यास पाटी त्याची आणि दुकान आपले, अशी गत होते.

दुकानाचा गाळा आपण दुसऱ्याच्या नावावर घेत नाही. वेब पानाच्या बाबतीतही तीच दक्षता हवी. या आठवड्यात निदान एक पान मजकूर प्रत्येकाने स्वतः लिहून काढावा.