विमान कोण चालवते?

“विमान कोण चालवते?” असे कोणी विचारले, तर तुम्ही तत्काळ उत्तर द्याल, “वैमानिक!” उत्तर चुकीचे नाही, पण ते अपुरे आहे. देशोदेशी ये-जा करणाऱ्या मोठ्या विमान कंपनीचे एक विमान आकाशात झेपावते, तेव्हा त्यामागे कितीतरी माणसांचे हात असतात. त्यांतील बहुतेक जण प्रवाशांच्या दृष्टीसही पडत नाहीत. आज त्यांची ओळख करून घेऊ आणि त्यांतील एका कामाचा धनी हरवला, तेव्हा काय घडले तेही पाहू.

कॅनडा देशातील ‘एअर कॅनडा’ ही कंपनी १९३७ साली वेगळ्या नावाने सुरू झाली. १९६५ पासून ती आजच्या नावाने ओळखली जाते. अशा कंपनीचे विमान सुटण्याच्या कितीतरी आधी कचेरीतील एक अधिकारी हवामानाचे नकाशे घेऊन बसतो. वारा कोठून वाहतो, वादळ कोठे आहे, कोणत्या मार्गाने जावे, इंधन किती लागेल, हे तो ठरवतो. ठरलेल्या विमानतळावर उतरता आले नाही, तर दुसऱ्या विमानतळापर्यंत पोहोचण्यापुरते जादा इंधनही त्याला हिशेबात धरावे लागते. दुसरा एक जण प्रवासी, सामान आणि माल यांच्या वजनाचा मेळ घालतो. वजन एकाच टोकाला जास्त झाले, तर विमानाचा तोल बिघडेल! तंत्रज्ञ विमानाची तपासणी करून कागदावर सही करतात. त्या सहीवाचून विमान हलत नाही. इंधन भरणारे, जेवणाचे डबे चढवणारे, सफाई करणारे, प्रवाशांची काळजी वाहणारे परिचारक, अशी प्रत्येकाची कामे वाटून दिलेली असतात. सर्वांचे कागद शेवटी मुख्य वैमानिकाच्या हाती येतात. त्याचे समाधान झाले, तरच उड्डाण होते.

आता एक गंमत पाहा. विमानाचे इंधन हे आपल्या रॉकेलचेच भावंड. टाकीत ते लिटरने भरतात. पण वैमानिकाला त्याचे वजन हवे असते. उष्णतेने इंधन फुगते, थंडीने आकसते. वजन मात्र बदलत नाही. शिवाय पंखांना उचलायचे असते ते वजनच. म्हणून लिटरचे वजन काढण्यासाठी एक गुणाकार करावा लागतो. एक लिटर इंधन साधारण ०.८ किलोग्रॅम, म्हणजेच साधारण १.७७ पौंड भरते.

हा साधा गुणाकार २३ जुलै १९८३ रोजी चुकला.

त्या काळी कॅनडा पौंड सोडून किलोग्रॅमकडे वळत होता. आपल्याकडे १९५६ च्या कायद्यानंतर शेर-मण जाऊन किलोग्रॅम आला, तेव्हा तुमच्या आजी-पणजीचाही असाच गोंधळ उडाला होता! एअर कॅनडाने नुकतीच घेतलेली बोइंग ७६७ विमाने किलोग्रॅमवर चालत. तिची इतर विमाने पौंडांवर. त्या दिवशी माँट्रिअलहून ओटावामार्गे एडमंटनला जाणाऱ्या नव्या विमानातील इंधनमापक बंद पडले होते. म्हणून टाकीतील पातळी मोजपट्टीने मोजण्यात आली. ७,६८२ लिटर इंधन शिल्लक होते. प्रवासाला हवे होते २२,३०० किलोग्रॅम.

हिशेब करणाऱ्यांनी ७,६८२ ला १.७७ ने गुणले. उत्तर आले सुमारे १३,६००. ते होते पौंड. सर्वांनी मानले किलोग्रॅम. खरे वजन सुमारे ६,२०० किलोग्रॅमच होते. त्यामुळे वीस हजारांहून अधिक लिटर भरायचे, तेथे पाच हजारही भरले गेले नाहीत. ओटावाला पुन्हा मोजणी झाली. पण गुणाकार त्याच आकड्याने केल्यामुळे चूक तशीच राहिली.

४१,००० फूट उंचीवर धोक्याच्या सूचना वाजू लागल्या आणि थोड्याच वेळात दोन्ही इंजिने बंद पडली. विमानात ६९ माणसे होती. मुख्य वैमानिक रॉबर्ट पिअरसन यांना इंजिनाविना उडणारे ग्लायडर चालवण्याचा सराव होता. सहवैमानिक मॉरिस क्विंटल यांना गिमली येथील हवाई दलाच्या जुन्या तळाची माहिती होती. विमान तरंगत तिकडे निघाले. त्या जुन्या धावपट्टीवर आता मोटारींच्या शर्यती होत असत. त्या दिवशीही तेथे माणसे जमली होती, मुले सायकली फिरवीत होती. इंजिनाचा आवाज नसल्याने विमान जवळ येईपर्यंत कोणाला चाहूलही लागली नाही! पिअरसन यांनी विमान तिरके करून वेग आवरला आणि ते खाली उतरवले. पुढचे चाक मोडले, काहींना किरकोळ दुखापती झाल्या. पण प्राण कोणाचाही गेला नाही.

पुढे न्यायमूर्ती जॉर्ज लॉकवुड यांच्या आयोगाने चौकशी केली. आयोगाने वैमानिकांच्या कौशल्याची वाखाणणी केली आणि कंपनीच्या कारभारातील दोषांवर बोट ठेवले. जुन्या मोठ्या विमानांत उड्डाण अभियंता नावाचा तिसरा कर्मचारी असे; इंधनाचा हिशेब तो पाहत असे. नव्या विमानात दोघेच वैमानिक होते. तिसरा गेला, परंतु मापक बंद असताना त्याचे ते काम कोणी करायचे, हे कंपनीने स्पष्ट नेमून दिलेच नव्हते. वैमानिकांना वाटले, ते जमिनीवरच्या माणसांचे. जमिनीवरच्यांना तसे शिक्षणच मिळालेले नव्हते. बारभाईची शेती, तिला कोण राखी!

म्हणून बालमित्रांनो, विमान कोण चालवते, या प्रश्नाचे पुरे उत्तर असे: आपले काम कोणते हे नीट ठाऊक असलेला प्रत्येक माणूस विमान चालवतो. आणि तपासायचे, तर आधीच्याचे उत्तर पाहून नव्हे. अगदी पहिल्या आकड्यापासून तपासायचे.

उत्तरापुढे ‘किलोग्रॅम’ लिहावयाचे राहिले म्हणून गुरुजींनी गुण कापला, तर रुसू नका. आता वही-पेन्सिल घ्या. टाकीत ७,६८२ लिटर आहेत, हवे आहेत २२,३०० किलोग्रॅम, आणि एक लिटरचे वजन ०.८ किलोग्रॅम. तर आणखी किती लिटर भरावे लागतील? उत्तर काढा, शेजाऱ्याला दाखवण्यापूर्वी पुन्हा एकदा स्वतः ताडून पाहा; आणि हो, पुढे ‘लिटर’ लिहायला विसरू नका!